उतारावर उभी गाडी

दुपारची जेवणं उरकली होती आणि केरबाची गाडी फोंडा घाटाला लागली होती.

म्हणजे केरबा होता आपल्या घरातच, राधानगरीत, लोखंडी खाटेवर उताणा. डोळे गच्च मिटलेले, तोंड अर्धं उघडं. हात मात्र छातीवर अधांतरी, भलं मोठं स्टिअरिंग धरल्यासारखे. डावा हात मध्येच खाली यायचा आणि गिअर टाकून परत वर जायचा. जागेपणी ज्या हाताला चहाची बशी धरवत नव्हती, तो हात झोपेत तसूभर थरथरत नव्हता.

आक्काताई वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मनगटाला प्लास्टर, गालावर पिकल्या जांभळाएवढा डाग.

"भावजी, कुठवर आली असंल?" त्यांनी हळूच विचारलं.

मी केरबाच्या हातांकडं बघितलं. दाजीपूर मागं पडलं, आता मोठं वळण येतंय, असं सांगायला मी तोंड उघडतो न उघडतो तोच त्यानं उजवीकडं असं काही स्टिअरिंग मारलं की कोपर भिंतीवर आपटलं आणि चुन्याचा एक पोपडा खाली आला.

"आलं," मी म्हणालो.

मी शंकर गुरव, एस्टीतला रिटायर कंडक्टर. केरबा चौगले माझा ड्रायव्हर. आमची जोडी डेपोत नवराबायकोसारखी लावली जायची, आणि खरं सांगायचं तर बायकोपेक्षा जास्त संसार मी त्याच्याशी केला. तो पुढं, मी मागं, मध्ये जाळी आणि एक दोरी. दोरी ओढली की पुढं त्याच्या कानाशी घंटी वाजायची. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. बाकी आमच्यात बोलणं असं नव्हतंच. बोलायचो मी, आणि तेही पॅसेंजरांशी. घाटात एकदा मागच्या दारानं बिबट्या चढला, कुठं जायचं विचारलं तर बोलेना, म्हणून मी त्याला शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं. एकदा गाडी ढगात अडकली, मी दोरी ओढली तर घंटी न वाजता ढगच खाली आला आणि पॅसेंजर भिजले. असल्या गोष्टींवर कणकवली कधी यायची ते लोकांना कळायचं नाही. केरबाला सगळं ऐकू जायचं. हसायचा नाही. डेपोत उतरल्यावर एवढंच म्हणायचा, "गुरवा, आज लई फेकलीस."

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्याला कंपवात झाला. आधी हात, मग पाय, मग आवाज. चेहरा असा थिजला की राग आलाय की भूक लागलीय ते वहिनींनाही ओळखू येईना. आणि या सगळ्याच्या वर झोप. रात्रभर टक्क जागा राहायचा आणि दुपारी जरा डोळा लागला की गाडी सुरू. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की झोपेत माणसाच्या अंगाला निसर्ग कुलूप लावतो, म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि अंथरुणात पडून राहतो. यांचं कुलूप मोडलंय. झोपेच्या गोळ्या देऊन बघितल्या. गोळ्यांनी दिवसासुद्धा त्याला भिंत कुठली आणि दार कुठलं ते कळेना, म्हणून बंद केल्या.

पहिल्यांदा एका वळणावर तो खाटेवरून खाली गेला आणि कपाळाला टाके पडले. खाली गादी घालून बघितली, तर एवढं ताठलेलं शरीर जमिनीवरून उचलायला दोन माणसं लागायची, आणि घरात वहिनी एकट्या. मग त्या स्वतःच खाटेच्या कडेला बसायला लागल्या, भिंतीसारख्या. तो पडला नाही. पण वळण आलं की कोपर वहिनींना. मनगट मोडलं ते असंच.

मुलगा उत्तम इचलकरंजीला असतो, कापडाच्या गिरणीत सुपरवायझर. तो दर रविवारी यायचा. मनगट बघितल्यावर त्यानं आईला सांगून टाकलं की आणखी एकदा तुझ्या अंगावर काही दिसलं तर बाबांना मी कोल्हापूरजवळच्या एका केंद्रात ठेवणार, तिथं अशा आजाऱ्यांना सांभाळतात. ते केंद्र वहिनींनी बघितलं होतं. त्यांची चुलतबहीण तिथं होती. पडू नये म्हणून तिचे हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले असायचे.

म्हणून त्या दिवशी मला बोलावणं आलं होतं.

"देवघरातली घंटा वाजवून बघितली मी," वहिनी म्हणाल्या. "गाडी थांबंना. नुसता एक हात सोडून कपाळाला लावला त्यांनी."

घाटातल्या देवीसमोरून जाताना तो तसाच लावायचा.

"जल्मात माझं कधी ऐकलं न्हाई. तुमच्या घंटीचं ऐकलंय. तेवढी मारून बघता का?"

मी कोल्हापुरात भंगारवाल्याकडं जाऊन मोडीत निघालेल्या गाडीची घंटी शोधून आणली. तो म्हणाला, आजोबा, हिचा काय उपयोग. मी सांगितलं, घरी एक गाडी आहे, ब्रेक लागत नाहीत तिचे. तो हसला. खरं बोललं की लोक हमखास हसतात, हा माझा जुना अनुभव.

दुसऱ्या दिवशी दुपारी केरबा घाटात शिरला आणि मी खाटेच्या डोक्याशी बसून दोरी ओढली. एकदा.

हात थबकले. डावा हात सावकाश खाली आला, गिअर काढला. उजवा पाय चादरीखाली पुढं सरकला. मग दोन्ही हात पोटावर येऊन पडले. केरबा स्वस्थ. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. थोड्या वेळानं आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. कित्येक दिवसांत त्या घरात दुपारी कुणी भांडी घासली नव्हती.

मग तो माझा नेमच झाला. जेवून मी त्यांच्याकडं जायचो, केरबा झोपायचा, गाडी सुटायची, मी एक घंटी मारायचो आणि संध्याकाळपर्यंत सगळं शांत. वहिनी शेजारच्या चटईवर आडव्या व्हायच्या आणि चक्क घोरायच्या. गालावरचा डाग पिवळा पडून गेला, प्लास्टर निघालं. उत्तम आला, आईचं तोंड निरखून बघितलं, आणि माझ्या पाया पडला. गल्लीत मी सांगत सुटलो की मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते एस्टीच्या घंटीनं केलं, आता मला मुंबईहून बोलावणी येतायत. यातलं पहिलं अर्धं मला खरंच वाटत होतं.

केरबा मात्र उतरत चालला. घास गिळायला वेळ लागायचा, डोळ्याखाली काळं आलं, उजव्या पायाची पोटरी तर लाकडासारखी कडक झाली. वात असेल म्हणून वहिनी रोज संध्याकाळी तिला एरंडेल चोळायच्या. डॉक्टर म्हणाले, आजार पुढं सरकतोय. तेही खोटं नव्हतं. आम्ही आपले समाधान मानत होतो की काही का असेना, दुपारची झोप तरी मिळतेय त्याला.

पावसाळा सरून ऊन पडायला लागलं होतं. वहिनी वाळवण घालायला पाठीमागच्या अंगणात गेल्या होत्या. घंटी मारून बराच वेळ झाला होता आणि मी एकटाच बसून कंटाळलो होतो. मला गप्प बसायची सवय नाही; ऐकायला कुणी नसलं तरी माझं तोंड चालू असतं. मी झोपलेल्या केरबालाच बिबट्याची गोष्ट सांगायला घेतली. बिबट्या तिकीट दातात धरून खिडकीशी बसला, इथवर आलो असेन, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. आवाज कसला, फुंकर.

"किती चढले?"

मी वाकलो. केरबाचे डोळे मिटलेले होते.

"कोण रे?"

"पॅशिंजर. लई येळ झाला, गुरवा. पाय दुखाय लागलाय."

मी चादर वर केली. त्याचा उजवा पाय खाटेच्या पायथ्याच्या गजाला टेकला होता. नुसता टेकला नव्हता, दाबून धरला होता. बोटं पांढरी पडली होती. पोटरीला हात लावला तर दगड.

"केरबा, झोपला नव्हतास?"

मला वाटलं, स्वप्नातच बोलला असेल. मग ओठ हलले.

"उभ्या गाडीत डायवर झोपतो व्हय? उतारावर हाय गाडी. ब्रेक सोडला तर जाईल की खाली."

"कधीपासनं उभा आहेस?"

"रोजच की. तू थांब म्हंतोस, फुडची घंटीच दीत न्हाईस."

माझ्या नोकरीत एकदा असं झालं होतं की मी एका थांब्यावर उतरून ओळखीच्या माणसाशी गप्पांत रंगलो आणि पॅसेंजर ओरडायला लागले. त्यांनी केरबाला वाट्टेल ते सुनावलं. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. मागचं जग कंडक्टरचं; दोन घंट्या पडल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा त्याचा धर्म. हे साऱ्या डेपोत कुणाला ठाऊक असेल तर मला. आणि मीच त्याला खाटेवर, उतारावर, ब्रेकवर पाय देऊन महिनेच्या महिने उभा करून ठेवला होता. माझ्या घंटीनं त्याची झोपच मोडायची, आणि तो डोळे मिटून वाट बघत राहायचा. रात्री जागा, दुपारी जागा. आम्ही बाजूला घोरत होतो.

वहिनी वाळवणाची पाटी घेऊन आत आल्या, तेव्हा मी चादर तशीच वर धरून बसलो होतो. त्यांना सांगितलं. त्यांनी पाटी खाली ठेवली, पायाशी बसल्या, तो पाय दोन्ही हातांनी गजावरून सोडवायला बघितला. सुटेना.

"रोज एरंडेल लावलं मी ह्याला," एवढंच त्या बोलल्या.

आता करायचं काय? एक घंटी मारली की तो जागा राहून ब्रेक धरणार. दोन मारल्या की तो झोपणार, पण गाडी सुटणार आणि वहिनींचं तोंड फुटणार. तिसरी घंटी एस्टीत नाही. मग मला वाटलं, घंटी नसली तर नसली, मी तर आहे. गाडी डेपोत नेऊन लावली की ड्रायव्हर मोकळा. जन्मभर इतकं खोटं बोललो, एवढं एक खपवून न्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी जय्यत तयारीनं गेलो. पेट्रोल पंपावरून डिझेलमध्ये बुडवलेला बोळा आणला आणि खाटेखाली ठेवला. वहिनींना म्हणालो, कँटीनसारखे दोन ग्लास एकमेकांवर आपटत राहा. केरबाची गाडी सुटली, मी एक घंटी मारली, हात पोटावर आले, पाय गजाला लागला. आणि मी नाकात बोलून डेपोतली घोषणा सुरू केली की कणकवली गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी उतरून घ्यावं. आमच्या डेपोतला घोषणा करणारा असाच, सर्दी झाल्यासारखा बोलायचा. मग कानाशी तोंड नेऊन माझ्या आवाजात म्हणालो, "केरबा, डेपो आला. गाडी लागली. सोड ब्रेक."

त्याच्या नाकपुड्या हलल्या. डिझेल पोचलं. ग्लासांचा आवाज पोचला. माझ्या डोळ्यांदेखत गजावरच्या बोटांत रक्त यायला लागलं. थिजलेल्या त्या चेहऱ्यावर ओठाचा एक कोपरा सैल झाला. सकाळपासून उभा असलेला माणूस बाकड्यावर बसताना होतो, तेवढाच.

वहिनींना राहवलं नाही. नवरा झोपताना बघायला त्या ग्लास हातात घेऊन पुढं आल्या आणि त्याच्यावर वाकल्या. त्यांचा श्वास लागला असेल, नाहीतर बांगडी वाजली असेल. केरबानं डोळे उघडले.

त्यानं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ही कशी डेपोत?" तो म्हणाला.

वहिनी जन्मात कधी डेपोत आल्या नव्हत्या. केरबाला ते खपायचं नाही. मी घाईघाईनं काहीतरी सांगायला लागलो, की डबा घेऊन आल्यात, आज सणाचं जेवण आहे. पण त्याचे डोळे मिटले होते आणि पाय परत गजाला लागला होता.

"लई फेकलीस, गुरवा," तो म्हणाला.

त्यानंतरही मी बघितलं करून. वहिनींना बाहेर बसवलं, आवाज बदलले, डेपो मॅनेजर झालो, मेकॅनिक झालो. एकदा त्याच्या हातातून गाडीचा ताबा घ्यायला आलेला दुसरा ड्रायव्हरसुद्धा झालो. एकदा खोटी ठरलेली गोष्ट मलाच पुन्हा रंगवता येईना, तर त्याला काय पटणार. तो नुसता विचारायचा, "दिली का घंटी?"

आठवडा असाच गेला. शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा वहिनी आधीच खाटेच्या कडेला बसल्या होत्या, पूर्वी बसायच्या तशा, पदर कमरेला खोचून. खाटेवर केरबा डोळे मिटून ब्रेक धरून होता. आता तर मी घंटी न मारताही तो तसाच असायचा.

"भावजी, दोनदा मारा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, उद्या रविवार आहे, उत्तम येईल.

"यिऊ दे."

"तुमचं तोंड बघेल तो, वहिनी. घेऊन जाईल त्याला."

"न्हाई नेलं तर काय? डोळ्यांम्होरं असं उभंच मरायचं त्यांनी?" त्यांनी केरबाच्या पायावरून हात फिरवला. "एक दुपार तरी झोपू द्या. मला लागतंय ते माझं मी बघतो."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी बघतो', 'मी करतो'. त्यावर मग कुणी उलट बोलत नाही.

मी दोरी धरली. नोकरीत हजारो वेळा ओढली असेल, हात कधी जड झाला नव्हता. ओढली. एकदा, आणि पाठोपाठ दुसऱ्यांदा.

पाय गजावरून निसटला. असा, जसा दोर कापल्यावर. केरबानं एक लांब श्वास सोडला आणि त्याला झोप लागली. मला ओळखता आली, कारण इतके महिने मी जिला झोप समजत होतो ती कशी दिसायची ते मी विसरलो नव्हतो. ही वेगळी होती. तोंड उघडं पडलं, गाल बसले. थोड्या वेळानं हात वर आले, गिअर पडला, आणि गाडी निघाली.

पहिल्या वळणाला कोपर वहिनींच्या खांद्याला लागलं. दुसऱ्याला भुवईवर. मी उठलो, तर त्यांनी हातानं बसा अशी खूण केली. त्या हलल्या नाहीत, तोंडही फिरवलं नाही. फिरवलं असतं तर कड मोकळी झाली असती. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागून आवाज येत राहिले. ऊन दारातून सरकून अंगणात गेलं, तोवर तो झोपला होता.

उठल्यावर त्यानं स्वतःहून पेज मागितली आणि वाटीभर प्यायला.

रविवारी सकाळी उत्तम आला. वहिनींची भुवई सुजून डोळ्यावर आली होती. त्या म्हणाल्या, न्हाणीत पाय घसरला. तो माझ्याकडं वळला.

मी सांगायला सुरुवात केली. माळ्यावरचा पापडांचा डबा, स्टूल, स्टुलाचा लुळा पाय, वरून मांजर. पहिल्या वाक्यालाच माझ्या लक्षात आलं की न्हाणी कुठं आणि माळा कुठं. पण तोंड थांबेना. उत्तमनं मला पुरतं बोलू दिलं.

"काका," मग तो म्हणाला, "लहानपणी मला तुमचा बिबट्या खरा वाटायचा. शाळेत सांगून मार खाल्लाय मी." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मला आई पण पायजे."

पोरगा खोटं बोलत नव्हता.

दोन शेजारी बोलावून केरबाला उचललं आणि उत्तमच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवलं. वहिनींनी उशाला गोधडी दिली, मफलर गुंडाळला, बाटलीत पेज दिली आणि घट्ट होईल, ढवळून दे, असं उत्तमला दोनदा सांगितलं. केरबा गाडीच्या छताकडं बघत होता. मी दारात वाकलो.

"कोण हाय गाडीवर?" त्यानं विचारलं.

"उत्तम आहे."

"घाट हाय म्हणावं."

कोल्हापूरच्या वाटेला घाट नाही. मी म्हणालो, सांगतो. दार लावलं. उत्तमनं गाडी सुरू केली आणि ती चौकातून वळून गेली. काचेतून मला केरबाचा पाय दिसला, पुढच्या सीटला टेकवलेला.

तो तिथं सात महिने होता. वहिनी भेटायला जायच्या, मी एकदाच गेलो. एरवी केंद्रातून फोन यायचा. मी दुपारी त्यांच्याकडंच असायचो. जायला दुसरं घर नव्हतं. वहिनी उठून फोन घ्यायच्या, हं हं म्हणत उभ्या राहायच्या, खाली ठेवायच्या आणि येऊन खाटेच्या कडेला बसायच्या.

"काय म्हणाले?" मी विचारायचो.

"काय तरास न्हाई म्हंत्यात. दिसभर डोळं मिटून पडून असत्यात," वहिनी म्हणायच्या. "लई गाढ झोपत्यात म्हंत्यात."